हझानांचं गाणं कसं ऐकावं

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, प्रार्थना चालवतो तो हझान. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी हझानाच्या गाण्याला असं काही वळण दिलं की साधारण १९०० ते १९४० या काळात वॉर्सा, ओडेसा, बुडापेस्ट आणि न्यूयॉर्कमध्ये हझान ऑपेराच्या गायकांइतके गाजत होते. त्यांच्या तबकड्या निघत, नामवंत हझान आपल्याकडे ओढायला सिनेगॉगांमध्ये चढाओढ लागे, आणि थोर कोण यावरून घराघरांत वाद होत. त्या तबकड्या आज घरबसल्या, बहुतेक वेळा फुकट ऐकता येतात. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात बऱ्याचदा खरखर, रडवा सूर आणि शेवटी एक उंच आरोळी एवढंच सापडतं. दोन-तीन तबकड्या ऐकून 'हे आपलं काम नाही' म्हणत बाजूला होणाऱ्यांत शास्त्रीय संगीत मुरवलेले श्रोतेही असतात.

त्यांचं चुकतं ते एवढंच, की ते हे गाणं मैफलीचं म्हणून ऐकतात. हझान हा जमलेल्या लोकांचा प्रतिनिधी. कोकणात देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा जसा उभा राहतो, तसा तो उभा असतो. आपला आवाज दाखवणं हे त्याचं अधिकृत काम नाही, आणि तरी तो आवाज दाखवतो. गाऱ्हाणं आणि गायकी यांची ही ओढाताण ऐकू यायला लागली की या गाण्यात शिरता येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोचण्यासाठी आहेत.

आधी कान कुठे लावायचा ते ठरवा

ज्यू समाज एक नाही, आणि त्यांचं प्रार्थनेचं गाणंही एक नाही. येमेनी, बगदादी, मोरोक्कन, इटालियन अशा प्रत्येकाच्या चाली वेगळ्या. आपल्याकडच्या बेने इस्राएल लोकांच्या सिनेगॉगमध्येही हझान असतो. मुंबईत मांडवीचं शाआर हरहमीम तर १७९६ पासून आहे. पण त्यांची प्रार्थनापद्धत सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या वळणाची, कोचीन आणि बगदादच्या ज्यूंच्या संपर्कातून घडलेली. तिथे जाऊन या लेखातलं गाणं शोधलं तर सापडणार नाही. आपण बोलतो आहोत ते आश्केनाझी, म्हणजे पूर्व आणि मध्य युरोपातल्या ज्यूंच्या गाण्याबद्दल.

त्यातही दोन धारा आहेत. एक व्हिएन्ना-बर्लिनची, नीटनेटकी, चौपदरी गायनवृंदाची. सालोमोन सुल्झर (१८०४ ते १८९०) हे व्हिएन्नाचे हझान तिचे प्रवर्तक. त्यांचा आवाज आणि कीर्ती अशी की संगीतकार फ्रान्झ शूबर्टने १८२८ मध्ये त्यांच्यासाठी बायबलमधलं ९२ वं स्तोत्र थेट हिब्रूत बांधून दिलं. दुसरी धारा युक्रेन, लिथुआनिया, पोलंडची: एकट्या गळ्याची, तालाच्या बंधनातून सुटलेली, जागच्या जागी रचत जाणारी. 'सुवर्णकाळ' म्हणतात तो या दुसऱ्या धारेचा. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातल्या दंगली आणि गरिबीला कंटाळून लाखो ज्यू अमेरिकेला निघाले. १९२४ च्या कायद्याने ते दार जवळजवळ बंद होईपर्यंत हा ओघ चालू होता. त्याच सुमारास ग्रामोफोन घरोघरी आला. गाव सुटलेल्या माणसाला गावच्या सिनेगॉगचा सूर तबकडीवर विकत मिळू लागला, आणि त्यातून हझान तारे झाले.

शब्द हातात घेतल्याशिवाय तबकडी लावू नका

ही पायरी सगळे टाळतात आणि इथेच फसतात. सोबतीला अर्थ नसेल तर हे गाणं अर्धंही कळत नाही, कारण हझान सूर विस्तारत नाही, तो वाक्य विस्तारतो. एकाच शब्दावर तो का थबकला, तोच तुकडा तीनदा का म्हटला, हे शब्द माहीत असल्याशिवाय समजायचं कसं?

प्रार्थना हिब्रूत असतात, काही अरामाइक या हिब्रूच्या जवळच्या प्राचीन भाषेत. 'सेफारिया' या मोफत संकेतस्थळावर बहुतेक पाठ इंग्रजी भाषांतरासह मिळतात. (मराठीतही हे काम झालेलं आहे. मुंबईचे जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. जुन्या ग्रंथालयात एखादी प्रत हाताला लागली तर सोडू नका.) तबकडीवरच्या मजकुराच्या आठ-दहा ओळींपेक्षा जास्त वाचायची गरज क्वचितच पडते. त्या ओळी आधी वाचा. मग तबकडी लावा आणि बोट ओळींवरून फिरवत जा. पहिल्या खेपेला बोट चुकेल. हझान शब्द परत परत घेतो म्हणून ते मागे आणावं लागेल. ते मागे आणणं हाच अभ्यास आहे.

उच्चाराचीही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण शोधताना अडते. हे गायक आश्केनाझी उच्चार करत. ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला (तो शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो) आज इस्राएलमध्ये 'शब्बात' म्हणतात, तिथे हे 'शाबोस' म्हणतात. शेवटचा 'त' पुष्कळदा 'स' होतो, 'आ'चा 'ओ' होतो. एकच रचना याद्यांमध्ये दोन-तीन वर्णलेखनांनी दिलेली असते. एका नावाने सापडली नाही तर दुसऱ्याने शोधा.

सुरुवात रोझेनब्लाटपासून

योसेले रोझेनब्लाट. जन्म १८८२, युक्रेनमधल्या बिला त्सेर्कवाचा. लहानपणापासून गात फिरलेला हा मुलगा पुढे मुंकाच, प्रेसबुर्ग (आजचं ब्रातिस्लावा) आणि हॅम्बुर्गला हझान झाला, आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या ओहाब झेडेक सिनेगॉगमध्ये आला. त्यांच्यापासून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे: या गायकीत जे काही आहे ते सगळं त्यांच्या गळ्यात आहे आणि स्वच्छ ऐकू येतं.

पहिल्यांदा त्यांचं 'शीर हामाआलोस' ऐका. हे १२६ वं स्तोत्र. बंदिवासातून सियोनला, म्हणजे जेरुसलेमला, परतलेले लोक म्हणतात, आम्ही स्वप्नात असल्यासारखे होतो. रडत पेरणारे गात कापणी करतील. चाल रोझेनब्लाटांनी गाजवलेली, ठेक्यात बांधलेली, लगेच गुणगुणता येईल अशी. शब्बातच्या जेवणानंतर हे स्तोत्र म्हणायची रीत आहे, आणि असंख्य घरांत ते आजही याच चालीवर म्हटलं जातं. ही खऱ्या अर्थाने हझानी गायकी नव्हे, पण आवाजाची ओळख होते.

मग 'हिनेनी' घ्या. ज्यू वर्षारंभाच्या आणि योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी मुख्य प्रार्थनेला हात घालण्यापूर्वी हझान स्वतःसाठी म्हणतो ती ही प्रार्थना. 'हा मी, सत्कर्मांत दरिद्री, थरथरतो आहे, घाबरलो आहे. ज्यांनी मला पाठवलं त्या तुझ्या लोकांसाठी विनवायला उभा राहिलो आहे, आणि माझी तेवढी लायकी नाही.' काही सिनेगॉगांत हझान हे म्हणत मागच्या बाजूने चालत चालत पुढे येतो. मजकूर वाचल्यावर पहिला शब्द ऐका. 'हिनेनी' म्हणजे 'हा मी'. इतका थोर गळा, आणि शब्द म्हणतात की माझ्यात काही नाही. ही प्रार्थना कुठल्याही हझानाची परीक्षा आहे. आवाजाचा दिमाख जास्त झाला तर शब्द खोटे पडतात, आणि आवाज दाबून ठेवला तर लोकांना वाटतं, आपला माणूस कमी पडला. रोझेनब्लाट ही तारेवरची कसरत कशी करतात, हे परत परत ऐकण्यासारखं आहे.

त्यांच्या आयुष्यातही हीच ओढाताण होती. १९१८ मध्ये शिकागो ऑपेराने त्यांना 'ला जुईव्ह' या ऑपेरात गाण्यासाठी एका प्रयोगाला १००० डॉलर देऊ केले. दाढी काढायची नाही, शब्बातला गायचं नाही, सगळ्या अटी मान्य होत्या. त्यांनी नाही म्हटलं. पुढे एका वृत्तपत्राच्या धंद्यात पैसे बुडाले, १९२५ मध्ये दिवाळं निघालं, आणि कर्ज फेडायला हाच माणूस करमणुकीच्या रंगमंचांवर दौरे करत गायला. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर' या चित्रपटात ते स्वतःच्याच भूमिकेत दिसतात, पण तिथे त्यांनी पवित्र प्रार्थना गायला नकार दिला आणि यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतलं, एक गाणं म्हटलं. १९३३ मध्ये जेरुसलेममध्ये एका चित्रपटाच्या कामासाठी गेले असताना वारले. ऑलिव्ह पर्वतावर त्यांचं दफन झालं.

सुरांचं घर ओळखा

इथे मराठी वाचकाला एक मोठा फायदा आहे. युरोपियन श्रोत्याला हे सूर 'पौर्वात्य' वाटतात आणि तो तिथेच थांबतो. राग ऐकलेला कान पुढे जाऊ शकतो.

हार्मोनियम काढा. सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नी, सां. खाली भैरव, वर भैरवी. आपल्याकडे हे स्वर बसंत मुखारीचे, कर्नाटक पद्धतीत वकुलाभरणमचे. हझानी परंपरेत या स्वरसमूहाला 'आहावा राब्बा' म्हणतात, आणि आर्त विनवणीचा मजकूर आला की हझान हमखास याकडे वळतो. कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधली ती रुंद फट ऐकत राहा. त्या फटीतच बरंच काही घडतं. दुसरा समूह 'मागेन आवोस': आसावरी थाटाचे स्वर, शुक्रवारच्या संध्याकाळी वारंवार येणारे, शांत, सांगितल्यासारखे. तिसरा 'आदोनाय मालाख': खमाज थाटासारखा, कोमल नीचा, पण वरच्या सप्तकात गेल्यावर गंधारही कोमल होतो. राजा, वैभव, स्तुती असा मजकूर असला की हा येतो. चौथा एक आहे, कोमल ग आणि तीव्र मध्यम एकत्र घेणारा. तो कळायला थोडा वेळ लागतो, घाई करू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. स्वर जुळले म्हणून हे राग होत नाहीत. बसंत मुखारीचं चलन इथे शोधाल तर निराश व्हाल. इथे प्रत्येक प्रार्थनेला ठरलेले सुरांचे तुकडे आणि ठरलेले विराम असतात. या व्यवस्थेला 'नुसाख' म्हणतात. शब्बातच्या सकाळचा नुसाख वेगळा, सणाचा वेगळा, योम किप्पूरचा वेगळा. जाणकार डोळे मिटून आत आला तरी सूर ऐकून सांगतो की आज कुठला दिवस आणि कुठली प्रार्थना चालू आहे. हझान मधल्या भागात हवा तिथे भटकतो, दुसऱ्या स्वरसमूहात शिरतो, षड्जही बदलतो. पण परिच्छेदाच्या शेवटच्या आशीर्वचनाला त्याला नुसाखमध्ये परत यावंच लागतं. हे परतणं पकडा. समेवर येण्याचा आनंद ज्याला माहीत आहे त्याला ते सांगावं लागणार नाही, फक्त इथे तालाची मोजणी नसते, वाक्य संपत आल्याची चाहूल असते.

गळ्याची कामं

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे हुंदका, यिडिशमध्ये 'क्रेख्त्स'. सूर सोडता सोडता गळा क्षणभर वर उसळतो आणि तुटतो. नवख्याला हे नाटकी वाटतं. वाईट गायकाच्या गळ्यात ते नाटकीच असतं. कसोटी अशी: हुंदका कुठल्या शब्दावर आला ते पाहा. रोझेनब्लाटांचा हुंदका अर्थाच्या जागी येतो आणि सूर न ढळवता येतो.

मग फॉल्सेटो, म्हणजे छातीचा भरीव आवाज सोडून डोक्यातल्या पातळ, बासरीसारख्या आवाजात जाणं. रोझेनब्लाट यात बेजोड. भरल्या आवाजातून त्या पातळ आवाजात जाताना सांधा कुठे आहे हे शोधत बसा. सापडत नाही. त्या उंचीवर ते सुट्या सुट्या सुरांच्या तानाही घेतात. 'तिकानतो शाबोस' या त्यांच्या तबकडीत हे काम ऐका. गंमत म्हणजे या प्रार्थनेचे शब्द हिब्रू वर्णमालेच्या उलट्या क्रमाने सुरू होतात, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे.

शब्दांची पुनरावृत्ती हे तिसरं. धर्मशास्त्राच्या दृष्टीने प्रार्थनेचे शब्द असे घोळवणं योग्य नाही, अशी तक्रार रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, पूर्वापार करत आले आहेत. हझानांनी ती फारशी मनावर घेतली नाही. आपण ऐकताना प्रत्येक खेपेला शब्दाचा कल कसा बदलतो ते पाहावं: पहिल्यांदा विधान, दुसऱ्यांदा प्रश्न, तिसऱ्यांदा हट्ट.

आता बाकीचे थोर

इथून पुढे सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. ज्याचा आवाज धरून ठेवतो त्याच्याकडे मुक्काम करा.

गेर्शोन सिरोटा (१८७४ ते १९४३) म्हणजे ताकद. इटालियन ऑपेरा गायक कारुसोच्या नावावरून 'ज्यूंचा कारुसो' असं त्यांना म्हणत. ओडेसा आणि विल्नानंतर ते वॉर्साच्या त्लोमाच्की रस्त्यावरच्या भव्य सिनेगॉगचे हझान झाले. विसाव्या शतकाच्या अगदी पहिल्या वर्षांत तबकड्या करणाऱ्या पहिल्या काही हझानांपैकी ते एक. मायक्रोफोन येण्याआधीच्या, ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर ओरडून गाण्याच्या त्या काळातही त्यांचा आवाज तबकडी फोडून बाहेर येतो. त्यांचं 'रत्सेई' ऐका. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोत, १९४३ च्या उठावाच्या दिवसांत ते मारले गेले. त्याच वर्षी १६ मे रोजी नाझींनी त्लोमाच्कीचं सिनेगॉग सुरुंग लावून उडवलं.

झावेल क्वार्तिन बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा भारदस्त पुरुषी आवाज; या मंडळींत वेगळा पोत. व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग, बुडापेस्ट आणि मग न्यूयॉर्क. त्यांचं 'तिहेर रब्बी यिश्माएल' हे माझ्या मते या सगळ्या साहित्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं काम. प्रसंग योम किप्पूरच्या प्रार्थनेतला. रोमन राजवटीत दहा विद्वानांना मृत्युदंड झाला आहे. रब्बी यिश्माएल स्वतःला शुद्ध करतात, देवाचं नाव उच्चारतात, स्वर्गात जातात आणि तागाची वस्त्रं ल्यालेल्या देवदूताला विचारतात, हे खरंच वरून ठरलं आहे का? उत्तर येतं: स्वीकारा, पडद्यामागून मी तसंच ऐकलं आहे. एवढंच. हा प्रश्न आणि हे उत्तर क्वार्तिन कुठल्या आवाजात म्हणतात, ते मजकूर समोर ठेवून ऐका. आवाज चढवण्याची मोठी संधी इथे होती. ते सांगण्याच्या पट्टीला धरून राहतात, आणि म्हणून ते उत्तर कानाला बोचतं.

डेव्हिड रॉइटमन (१८८४ ते १९४३) यांना व्यासपीठाचा कवी म्हणत. आवाज मोठा नाही, कल्पना मोठ्या. 'ओशामनू मिकोल ओम' हा कबुलीचा मजकूर: आम्ही साऱ्या लोकांहून अधिक दोषी, आमचा आनंद आमच्यातून निघून गेला. घाईने ऐकाल तर काहीच हाती लागणार नाही. रात्री, हेडफोन लावून, आवाज थोडा मोठा ठेवून ऐका.

पियेर पिंचिक. खरं नाव पिनखास सेगाल. गाणं ऐकून नावाचा हा फ्रेंच थाट बिलकुल पटत नाही, कारण पिंचिक मुळापासून हसिदी, म्हणजे भक्ती आणि गूढवादाकडे झुकलेल्या ज्यू पंथातले. त्यांचं 'राझो द'शाबोस', म्हणजे शब्बातचं रहस्य, हे झोहार या गूढवादी ग्रंथातलं अरामाइक गद्य. हसिदी रिवाजात ते शुक्रवारी संध्याकाळी म्हणतात. त्यात विनवणी नाही, रडणं नाही. शब्बात उतरताना वरचं जग एकवटतं आणि खालचंही, असं काहीसं. पिंचिक ते गूढ विचारात बुडालेल्या माणसासारखे पुटपुटत सुरू करतात, एकच तुकडा घोळवतात, दूर जातात, परत त्याच तुकड्याशी येतात. ख्याल ऐकणाऱ्याला मी पहिल्या दिवशीच हे ऐकवेन. रोझेनब्लाट नंतरही चालतील.

मॉर्डेखाय हेर्शमन यांचा गोड, भरदार टेनर (उंच पट्टीचा पुरुषी) आवाज लगेच आवडतो, त्यावर जास्त लिहायला नको. लाइब ग्लांझ थोडे विद्वानांचे. त्यांनी नुसाखच्या स्वरसमूहांचा अभ्यास केला, आणि न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसनंतर अखेरची वर्षं तेल अवीवमध्ये घालवली. त्यांच्याकडे शेवटी जा.

आणि मोशे कुसेवित्स्की (१८९९ ते १९६६). चार भाऊ, चौघेही हझान. सिरोटांच्या नंतर वॉर्साचं ते सिनेगॉग यांच्याकडे आलं. युद्धात सोव्हिएत संघात निसटले, तिबिलिसीच्या ऑपेरात गायले, १९४७ मध्ये अमेरिकेत पोचले आणि पुढे ब्रुकलिनच्या बरो पार्कमधल्या बेथ-एल सिनेगॉगमध्ये स्थिरावले. त्यांच्या वरच्या सुरांवर आजही लोक जीव टाकतात. सूर उंच, लखलखीत, आणि जराही ताण नाही. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या नकलाकारांबद्दल आहे. वरचा सूर म्हणजेच हझान, अशी समजूत त्यांच्यानंतर पसरली आणि पुष्कळ गळे त्यात फाटले.

एकच रचना, वेगवेगळे गळे

चार-पाच गायकांची तोंडओळख झाली की ही तुलना करा. इथे खरं शिक्षण होतं. 'शेयिबोने बेस हामिक्दोश' घ्या: आमच्या हयातीत जेरुसलेमचं मंदिर लवकर पुन्हा बांधलं जावो, आणि तुझ्या शिकवणीत आमचा वाटा असो. रचना इस्राएल शोर यांची, आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजातली तबकडी आहे. ती आधी ऐका. मग कुसेवित्स्की. मग आजचे यित्झाक मायर हेल्फगॉट.

ऐकताना कागदावर तीन गोष्टी टिपा. कुठला शब्द सगळ्यांनी वर नेला? कुठे एकाने घाई केली आणि दुसऱ्याने थांबून घेतलं? वरचा सूर संपल्यावर खाली येताना काय केलं? तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी. चढणं पुष्कळांना जमतं. उतरताना गाऱ्हाणं तसंच धरून ठेवणं थोड्यांना जमतं. 'आमचा वाटा असो' हे शब्द मंदिराच्या मागणीनंतर येतात, आणि तिथे नुसता दम टाकत उतरलेला गायक लगेच ओळखू येतो.

बायकांचे आवाज

पारंपरिक सिनेगॉगमध्ये स्त्रीला प्रार्थना चालवता येत नाही. तरीही १९२० च्या दशकापासून अमेरिकेत स्त्रिया हे गाणं रंगमंचावर, रेडिओवर, तबकड्यांवर गात होत्या. त्यांना 'खाझन्ते' म्हणत. सोफी कर्टझर यांच्या तबकड्या त्यातल्या सुरुवातीच्या. फिलाडेल्फियाच्या जीन गॉर्निश 'शाइन्देले' या नावाने गाजल्या, फ्रायडेले ऑयशर यांनी रंगमंच गाजवला. त्यांचे आवाज खर्जाकडे झुकलेले, पुरुष हझानांच्या पट्टीला भिडणारे. तबकडीचं नाव न सांगता कुणाला ऐकवून पाहा. सुधारक पंथाने १९७५ मध्ये बार्बरा ऑस्टफेल्ड यांना हझान म्हणून रीतसर मान्यता दिली, तेव्हा कुठे प्रार्थनेच्या जागी हे गाणं गायला स्त्रीला रीतसर वाट मिळाली.

तबकडी किती खरी

हे समजून घेतलं नाही तर चुकीचे निष्कर्ष निघतात. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन ते साडेचार मिनिटं मावत. सिनेगॉगमध्ये हझान याच मजकुरावर कितीतरी वेळ रमू शके. म्हणजे आपण ऐकतो तो अर्क आहे, आणि कधी कधी गाणं ऐन भरात असताना बाजू बदलण्यासाठी तोडलेलं असतं. १९२५ च्या आधीच्या तबकड्या कर्ण्यात गाऊन केलेल्या. त्यात खालचे आणि अगदी वरचे सूर मार खातात. तेव्हा सिरोटांचा आवाज पातळ वाटला तर दोष यंत्राला द्या. तबकडी फिरवण्याचा वेगही सगळीकडे सारखा नसे, त्यामुळे एकाच गाण्याच्या दोन प्रतींत अर्ध्या सुराचा फरक असू शकतो. 'अमुक हझान अमुक सुरापर्यंत जाई' असल्या वादात म्हणूनच पडू नये.

ऑर्गन आणि वाद्यवृंद ऐकू येतो, तोही तबकडीपुरता. पारंपरिक सिनेगॉगमध्ये शब्बातला आणि सणाला वाद्य वाजत नाही, यंत्र चालू करायचं नाही, म्हणून रेकॉर्डिंगही होत नाही. अपवाद 'स्लिखोस'चा. वर्षारंभाआधीच्या या क्षमायाचनेच्या प्रार्थना आश्केनाझी लोक शनिवारी रात्री उशिरा, शब्बात संपल्यावर सुरू करतात. त्या रात्री रेकॉर्डिंग चालतं. म्हणून प्रत्यक्ष लोकांसमोरचा हझान ऐकायचा असेल तर स्लिखोसची ध्वनिमुद्रणं शोधा. तिथे मागून लोकांची गुणगुण, मध्येच उसळणारा गायनवृंद, खाकरणं, सगळं असतं, आणि हझान कुणासाठी गातो आहे ते पहिल्या मिनिटात कळतं.

कुठे मिळेल

फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचा ज्यू ध्वनिसंग्रह आणि इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ध्वनिसंग्रह या दोन खाणी. दोन्हीकडे गायकाच्या नावाने शोधता येतं. यूट्यूबवरही अफाट आहे, पण तिथे नावं आणि वर्षं बेलाशक चुकीची दिलेली असतात. खात्री करायची असेल तर मूळ तबकडीच्या लेबलचा फोटो दिलेली प्रत निवडा. आवाज 'स्वच्छ' केलेल्या प्रतींपासून जपून: खरखर काढताना हुंदक्याची धार आणि फॉल्सेटोतली हवा दोन्ही जातात. थोडी खरखर परवडली.

एका बैठकीत तीन तबकड्या पुरे. हे गाणं सतत चालू ठेवून स्वयंपाक करण्याचं नाही.

समोर बसून ऐकायचं असेल तर

न्यूयॉर्क, लंडन किंवा जेरुसलेमला असाल तर संधी मिळते. जेरुसलेमचं ग्रेट सिनेगॉग आणि न्यूयॉर्कचं पार्क ईस्ट ही हझान परंपरेसाठी ओळखली जाणारी ठिकाणं. बहुतेक सिनेगॉगांत आता सुरक्षा कडक आहे, म्हणून आधी लिहून कळवा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. शब्बातला मात्र फोन बंद करून आत खोलवर ठेवा. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, वहीत टिपणं घेणंही नाही, कारण त्या दिवशी लिहिणंही वर्ज्य. पुरुषांनी डोकं झाकावं, टोपी बहुधा दारातच मिळते. पारंपरिक ठिकाणी स्त्रिया आणि पुरुष वेगळे बसतात. लोक उभे राहिले की उभं राहावं. पाठ नसेल तर गप्प राहिलेलं चालतं.

हझानाने काही विलक्षण केलं तरी टाळ्या वाजवू नका. प्रार्थना संपल्यावर, तो खाली उतरून येताना, आसपासचे लोक त्याचा हात हातात घेऊन 'यशेर कोयाख' म्हणतात. दाद द्यायची रीत तीच.